दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी

परवा सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून मिश्रीचा वास आला आणि मी तशीच तीन मजले उतरून खाली पळाले. एका पायात चप्पल, एका पायात नाही. खरंच सांगते. ऑफिसची कॅब दहा मिनिटांत येणार होती, केस ओले, आणि मी वॉचमनच्या खोलीच्या दारात उभी! त्याची बायको शेगडीवर तवा ठेवून तंबाखूची पानं भाजत बसली होती. तिनं वर बघितलं.

"काय पायजे, ताई?"

"काय नाही. वास घ्यायला आले."

ती हसायलाच लागली. "लावता व्हय तुमी?"

"मी नाही. माझी आई लावायची."

तिचा हात थांबला. "गेली का आई?"

"नाही नाही नाही! चांगली धडधाकट आहे. मिश्री सोडलीय तिनं."

"मग चांगलं झालं की. रडताय कशाला?"

मी म्हटलं धूर डोळ्यात गेला. धूर होताच. पण मी रडतही होते, आणि का ते त्या बाईला दारात उभं राहून सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहिते. भराभर लिहिते, नाहीतर परत राहून जाईल.

ज्यांच्या घरात कुणी लावत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. मिश्री म्हंजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. मग सकाळी पायरीवर बसून बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. आमच्या इस्लामपूरकडं निम्म्या बायकांची सकाळ अशीच सुरू होते. आई दिवसातनं चारदा लावायची. तिची डबी म्हंजे पप्पांच्या बूट-पॉलिशची रिकामी डबी, पप्पा फौजेत. तोंडात मिश्री असताना ती हनुवटी वर करून बोलायची, म्हंजे ओघळ येऊ नये म्हणून, आणि त्या अवस्थेतही मला शिव्या घालायची. "उम्म, उम्म्म" एवढंच ऐकू यायचं, पण मला सगळं कळायचं. शाळेला जाताना ती त्याच काळ्या बोटानं माझ्या गालाला हात लावायची आणि मी ओरडायचे, "आई! डाग पडला!"

तर ते बोट. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. त्याच बोटाची ही गोष्ट आहे.

दोन वर्षं झाली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात आई आणि मी दोघीच, गोठ्यात दोन म्हशी. पप्पा तिकडं वर, बॉर्डरला. त्या दिवशी लाइट दुपारी आली. लाइट येईल तेव्हा कामं उरकायची हा आमच्याकडं नियमच, त्यामुळं आई लगेच कडबाकुट्टीवर, म्हंजे चारा बारीक करायच्या मशीनवर. उसाचं वाढं, म्हंजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, मशीनमध्ये घालत होती. मी ओट्यावर फोन घेऊन बसलेले. मैत्रिणीला काहीतरी टाइप करत होते, काय ते आता आठवतही नाही. आई ओरडली नाही. मशीनचा आवाज बदलला, बस. घुर्र करून अडकला आणि परत मोकळा झाला.

आई पदरात हात गुंडाळून बाहेर आली. पदर लाल.

"मशीन बंद कर जा," म्हणाली. पहिलं हे. मग म्हणाली, "म्हसरास्नी पानी दावायचं ऱ्हायलंय."

मी किंचाळले आणि शेजारची काकी कुंपणावरून उडी मारूनच आली. पन्नाशीची बाई! तिनं आईचा हात टॉवेलनं करकचून आवळला, वर धरला आणि मला म्हणाली, "बघतीस काय माझ्याकडं? बोटं हुडक!"

तुम्ही कधी कुट्टीत बोट शोधलंय? हिरव्यागार ओल्या ढिगात? मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चाळत होते. दोन मिळाली. मधलं पार चेंगरलेलं. आणि हे, पहिलं, एकदम सुबक. नखाच्या कडेला काळं. मिश्रीचं काळं. मला त्या क्षणी काय वाटलं असेल? वाटलं, आईनं आज दुपारचीही लावली म्हणजे.

काकीच्या पोरानं गाडी काढली. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी बोटं ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि ती पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवली. "बर्फ थेट लागू द्यायचा नाही, आणि आत्ताच्या आत्ता सांगली गाठा," म्हणाले. आष्ट्यावरून सांगलीपर्यंत तो डबा माझ्या मांडीवर होता. आई शेजारी बसलेली आणि आईचं बोट माझ्या मांडीवर. मध्येच आई म्हणाली, "झाकान नीट लावलंयस न्हवं?" जसं काय मी डबा घेऊन कॉलेजला चाललेय.

सांगलीच्या दवाखान्यात भराभर फॉर्म भरून घेतला. एक पोरगा विचारत होता. शुगर? नाही. बीपी? नाही. "तंबाखू, बिडी, सिगारेट, दारू?"

आईचा चेहरा वेदनेनं पांढराफटक पडलेला, तरी तिला राग आला. "आवं, मी काय गडी हाय व्हय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही, काहीच नाही." आणि सही केली.

मी खोटं बोलले नाही हो. हेच तर सांगायचंय. माझ्या डोक्यात आलंच नाही! तंबाखू म्हंजे पुडी, चुना, तळहातावर मळणारे बाप्ये. मिश्री म्हंजे दात घासणं. आमच्याकडं कुणालाही विचारा. "बाई तंबाखू खाती" म्हणलं तर भांडण होईल, आणि तीच बाई मिश्रीची डबी कमरेला खोचून भांडायला येईल.

ऑपरेशन किती तरी तास चाललं. मधलं बोट जोडण्यासारखं नव्हतंच. पहिलं जोडलं. डॉक्टर मॅडम बाहेर आल्या तर किती बारीक, किती तरुण, मला वाटलं ह्या शिकाऊच असतील. त्यांनी माझ्या खांद्यावरचा एक केस उचलला आणि म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा बारीक दोऱ्यानं शिरा शिवल्यात. दुर्बिणीखाली. शिवून झालंय, पण काम आता सुरू होतंय. पुढचे पाच-सहा दिवस शिवलेल्या जागी रक्ताची गुठळी होऊ द्यायची नाही. झाली तर बोट जाईल."

म्हंजे एवढंच. रक्त वाहतं राहिलं पाहिजे. बोट राहतं का जातं, सगळं त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला समजावलं. बोटात रक्त आणणारी नळी वेगळी आणि परत नेणारी शीर वेगळी. आणणारीला जोर असतो. परत नेणारी मऊ, पातळ, तिच्यात रक्त संथ चालतं, त्यामुळं गुठळी बहुतेक तिथंच धरते. मग रक्त येत राहतं पण निघत नाही, बोट फुगतं, निळं-काळं होतं.

आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे आमच्या नदीकडच्या रानावानी. पानी येतंया, पर निचरा न्हाई. क्षारपड हुतं. ऊस पिवळा पडतो आन मरतो."

मॅडम म्हणाल्या, "मी पाच वर्षं हे पेशंटना समजावतेय, मावशी, इतकं नीट मला कधी जमलं नाही."

"मग चर काढला न्हवं तुमी?"

"काढलाय. दोन."

"झालं तर मग."

मग नियम सुरू झाले. हात उशांवर, छातीपेक्षा उंच. खोलीतला पंखा बंद, एसी बंद, गार पाणी बंद, आणि हातावर एक बल्ब लावलेला. आई म्हणाली, "कोंबडीची पिल्लं उबंला ठेवत्यात तसं चाललंय माझ्या बोटाचं." रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ पोटावर. "तुटलंय हाताचं आन सुया पोटात!" जेवणानंतर एक बारकी गोळी. चहा बंद, त्यानं शिरा आवळतात. चिडायचं नाही, घाबरायचं नाही, रडायचं नाही, त्यानंही आवळतात. "ह्यांना रडवू नका," सिस्टर मला म्हणाल्या, आणि आई लगेच, "माझं सोडा, ह्या पोरीलाच आवरा आधी."

सिस्टर पलूसकडच्या होत्या. बोलायला फटकळ, हात मात्र कापसासारखा. दर तासाला येऊन त्या बोट बघायच्या. रंग, ऊब, आणि मग नखावर हलकेच दाबायच्या. त्यांनी मलापण शिकवलं. दाबलं की नख पांढरं होतं, सोडलं की रक्त परत येतं, गुलाबी होतं. "एक, दोन, एवढ्यात आलं पाहिजे. लय उशीर झाला तर वाईट, आन लय पटकन, झटकन आलं, जांभळं दिसलं तरी वाईट. कळलं?" मला एवढं भारी वाटलं! मी तासाची वाट न बघता सारखी बघायचे. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. आई म्हणाली, "आगं, डोअरबेल न्हाई ती."

पहिले दोन दिवस आई औषधाच्या गुंगीत होती, जागी झाली की तेवढ्यापुरती बोलायची. तिसऱ्या दिवशी तिची तलफ जागी झाली.

तलफ काय असते ते मी तेव्हा बघितलं. आई, म्हंजे माझी आई, जिनं बोटं तुटल्यावर आवाज केला नव्हता, ती त्या पलंगावर पाय घासत होती. तोंडाला कोरड पडल्यासारखी जीभ फिरवत होती. डोकं दुखतंय म्हणाली. जेवली नाही. "कायतरी इसरल्यासारकं हुतंया गं," म्हणाली. "सकाळ झालीच न्हाई असं वाटतंया." उजवा हात उशांवर बांधलेला, डाव्या हाताला सलाइन. दोन्ही हात नसल्यासारखेच.

दुपारी काकी भाकरी घेऊन आली. डब्याच्या पिशवीत तळाला पॉलिशची डबी. काकीनं न सांगताच आणली होती. "म्या म्हनलं बाय कशी ऱ्हाईल?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मागितली नाही तिनं. नुसतं बघितलं. जी बाई सगळ्या घराला वाढून मग जेवते, तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती. आणि चहा बंद, तंबाखू-सिगारेट बंद अशी पाटी समोर भिंतीवर लावलेली होती. मी ती पाटी रोज वाचत होते. वाचत होते!

मी डबी उघडली. चिमूटभर मिश्री माझ्या बोटावर घेतली. आईनं तोंड उघडलं, आणि मी तिच्या दातांना मिश्री लावली.

मला हे नीट लिहायचंय. खालच्या हिरडीवरून, मग वरच्या, मग आतून. तिचे दात मी कधी इतक्या जवळून बघितले नव्हते. मागची एक दाढ नव्हती, ती कधी पडली ते मला माहीतच नव्हतं. तिनं डोळे मिटले. कपाळावरची आठी सुटत गेली, अगदी दिसत होती सुटताना. मी लहान असताना तिनं मला असंच काहीतरी भरवलं असेल, औषध, नाहीतर मध, बोटानं. आता माझं बोट तिच्या तोंडात. "हळू गं," ती म्हणाली, आणि मग हनुवटी वर करून, "उम्म, उम्म." मला कळलं. म्हणत होती, "बास झालं की, पोरी."

काकी दारात पहाऱ्याला. आम्ही तिघी हसत होतो.

त्या दिवशी दोनदा लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, आणि अकराला एकदा. आई जेवली. आई हसली. मला वाटलं, मी बरी करतेय तिला.

दुपारी जेवणानंतर मी नख दाबलं. पांढरं झालंच नाही नीट. सोडलं तर झटकन जांभळं. परत दाबलं. बोट टम्म, गच्च, जांभळाच्या रंगाचं. मी कॉरिडॉरमधून "सिस्टर!" करत पळाले तेव्हा माझ्या पायाखाली काय होतं मला माहीत नाही.

सिस्टरनी एका नजरेत ओळखलं. मॅडमना फोन लावला, आणि फोन कानाला असतानाच त्या थांबल्या. वास घेतला. माझ्याजवळ आल्या आणि माझा उजवा हात धरून बोट वळवून बघितलं. नखाच्या कडेला काळं होतं.

"ह्यो वास माझ्या आईच्या पदराला येतो," त्या म्हणाल्या. हळू. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडम आल्या. आईला म्हणाल्या, "तुम्ही तंबाखू नाही म्हणाला होता."

"न्हाईच की, मॅडम. मिश्री हाय ती. दाताला लावायची."

"मिश्री कशाची असते, मावशी?"

आई बोलायला लागली आणि मध्येच थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं. मला अजून दिसतो तो चेहरा. चाळीस वर्षं वयाच्या बाईला त्या क्षणी पहिल्यांदा ते कळत होतं. मला पण.

"भाजली तरी तंबाखूच," मॅडम म्हणाल्या. "हिरडीतनं सरळ रक्तात जाते. रक्ताच्या वाटा आवळतात. आधीच केसाएवढी वाट. कुणी दिली ही?"

"मीच घेतली," आई म्हणाली.

मॅडमनी उशांवर बांधलेला उजवा हात बघितला. मग सलाइन लावलेला डावा.

"कुठल्या हातानं?"

मी माझं बोट पुढं केलं.

पुढचं सगळं पळापळीत झालं. आईला परत ऑपरेशनला नेलं. शीर उघडली, गुठळी काढली, खराब झालेला भाग कापून मनगटाजवळच्या एका शिरेचा तुकडा तिथं बसवला. मी बाहेर बाकड्यावरून उठून उठून माझं बोट साबणानं धुऊन येत होते. धुऊन यायचे, बसायचे, परत जायचे. कितीदा गेले मोजलं नाही. काकी पदर तोंडाला लावून बसलेली, म्हणत होती, "म्या आनली, पोरी. म्या आनली." दोघीत कुणाची चूक मोठी ह्याच्यावर आम्ही भांडत बसलो, हळू आवाजात.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला सांगितलं, "आत्ता रक्त चालू आहे. मिश्रीनंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. शीर अशीसुद्धा बंद पडते कधी कधी, सगळे नियम पाळून. पण ती परत द्यायची नाही." मग म्हणाल्या, "आणि चूक आमच्या फॉर्मचीपण आहे. उद्यापासून मिश्री वेगळी विचारणार." नंतर टाके काढायला गेलो तेव्हा मी ऐकलं, त्या माण तालुक्याकडच्या एका बाईला विचारत होत्या, "मिश्री लावता का?" आणि ती बाई, "व्हय की! ती कोन लावत न्हाई?"

मी उरलेली मिश्री दवाखान्याच्या कचऱ्यात ओतली. डबी ठेवली.

मग ते दिवस. सांगू का, मला आज सगळ्यात जास्त कशाची आठवण येत असेल तर त्या दिवसांची. वेडेपणा आहे, कळतंय मला. आईचं बोट राहतंय का जातंय ह्यात जीव टांगलेला, आणि मला ते दिवस परत पाहिजेत! कारण आई कुठं जाऊ शकत नव्हती. म्हशी नाही, रान नाही, चूल नाही. हात उशीवर, बल्ब हातावर, आणि मी शेजारी. आम्ही तेवढं कधीच बोललो नव्हतो. तलफ आली की ती म्हणायची, "बोल कायतरी. गप बसू नगंस." आणि मी बोलायचे. मी बोलायला काय, मला थांबवायला लागतं. मी संपले की ती बोलायची.

एकदा मी विचारलं, "तू लावायला कधी लागलीस?"

तिनं बल्बकडं बघितलं. "लगीन झालं आन सतराव्या दिशी तुझं पप्पा ड्यूटीवर गेलं. तवा फोन न्हवतं घरात. पत्र यायला म्हैना. सासूबाई पायरीवर बसून लावायच्या. मला म्हनल्या, लाव गं, मन रमतं. तोंडात कायतरी आसलं की बोलता येत न्हाई. बोललं न्हाई की रडू येत न्हाई. तेवढी इस मिन्टं निगून जायाची. आसं करत करत वीस वर्सं निगली बग."

सिस्टरनी सांगितलं होतं रडवायचं नाही. आई रडली नाही. मीच बाथरूममध्ये जाऊन आले.

पप्पांचा व्हिडिओ कॉल यायचा, तिकडं नेटवर्क असेल तसा. तुटत तुटत. "बोट दाव," पप्पा म्हणायचे.

"आदी तुमी कवा येताय ते दावा."

"रजा मागितलीय गं."

"माझं बोट आलं परत, तुमी न्हाई आलासा आजून." आणि हसायची. स्क्रीन अडकायची आणि पप्पांचा अर्धा डोळा मिटलेला चेहरा तसाच राहायचा. आई तो बघत बसायची. मी कॉल कट करायला गेले तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे वाईच."

बोट राहिलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आता धोका टळला असं म्हणू. मी त्यांना मिठी मारली, त्यांच्या हातातली फाइल खाली पडली. पप्पांना रजा मिळाली तेव्हा आम्ही घरी येऊन दहा दिवस झाले होते. ते वर्दीतच अंगणात उभे राहिले, आईचा हात हातात घेतला आणि नुसतं नख दाबलं. मी फोनवर शिकवलं होतं त्यांना.

आईनं मिश्री परत लावली नाही. मॅडमनी काही आठवड्यांचीच सक्त बंदी सांगितली होती, पुढं सोडलीच तर उत्तम म्हणाल्या होत्या. गावात पैज लागली होती की ही महिन्याभरात डबी उघडणार. काकी अजून लावते, आईसमोर नाही, आमच्या गोठ्याच्या मागं जाऊन. मी एकदा आईला विचारलं, कसं जमलं? ती म्हणाली, "शेवटची तू लावलीस न्हवं. ती ऱ्हाऊ दे तशीच." आणि उठून म्हशीकडं गेली. असं काहीतरी बोलायचं आणि उठून जायचं, ही तिची सवय.

मग मला पुण्याला नोकरी लागली. तिनंच पाठवलं.

आता त्या बोटाला नीट स्पर्श कळत नाही. वाकतं अर्धं. थंडीत गार पडतं, मग ती ते काखेत धरून बसते. भाकरी थापते, पण कडेला एक चपटी जागा राहते, बोट न टेकल्याची. मी गावाला गेले की आधी ती कड मोडून खाते.

आणि सकाळी, बरोबर मिश्रीच्या वेळेला, ती पायरीवर बसून मला व्हिडिओ कॉल करते. ती वीस मिनिटं आहेत ना, ती आता रिकामी आहेत. पत्राची वाट बघण्यापासून सुरू झालेली वीस मिनिटं. त्यातली मी तिला किती देते? चार. पाच. एका हातानं केस विंचरत, "हो आई, बोल आई, कॅब आली आई." एवढं बडबडणारी मी, आणि तिच्याशी बोलायलाच मला वेळ नसतो.

परवा वॉचमनच्या दारातनं वर आले तर फोन वाजत होता. कॅबवाल्याचाही येत होता मधून. मी आईचा उचलला.

"कुठं हुतीस? तीनदा केला."

"खाली. मिश्रीचा वास घ्यायला."

ती एकदम हसली. "कशी हाय? चांगली भाजली हुती का करपावली?"

"चांगली होती. तुझ्यासारखी नाही."

"मग," म्हणाली. तिच्या मागं म्हैस ओरडत होती.

"आई, बोट दाखव."

"काय बगायचं त्यात? हाय की."

"दाखव ना. दाब."

तिनं बोट कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आणलं की सगळी स्क्रीन बोटच झाली. नखाच्या कडा आता स्वच्छ, काळं नाही. अंगठ्यानं दाबलं. नख पांढरं झालं.

आणि नेटवर्क गेलं. स्क्रीन तशीच थांबली, पांढरं नख, गोल गोल फिरणारी रेघ. खाली कॅबचा हॉर्न. मला माहीत होतं काही झालेलं नाही. मी कॅब रद्द केली, जिन्यात बसले, एका पायात चप्पल, आणि मोजायला लागले. एक, दोन. एक, दोन. एक, दोन.

"...गं? दिसतंया का?" आवाज आधी आला.

मग नख. गुलाबी.

"दिसतंय," मी म्हटलं. "तू बोल. आज मला वेळ आहे."